मोजेवीराला मारलं तो गुरुवार

मोजेवीराला मारायचं हे मी एका सोमवारी, कॉफी उकळता उकळता ठरवून टाकलं. आणि मारायचं तर नीट मारायचं, अशी माझी पहिल्यापासूनची शिस्त! तोवर मी हिमराक्षस मारले होते, तीन डोक्यांची एक राक्षसीण मारली होती, लांडगे तर इतके की त्यांच्या कातड्यांत अख्खं गाव गुंडाळता आलं असतं. एकाचीही कधी तक्रार आली नाही. तेव्हा या एकट्याचं ते काय! चार पानं, एक बाटली काळी शाई, खेळ खलास!

आजच्या वाचकांना मोजेवीर कोण, हे सांगायला हवं. आइसलंडच्या नकाशात वायव्येला जो पंजा समुद्रात घुसलाय, त्यातल्या दोन बोटांच्या बेचक्यात आमचं साल्तविक गाव. मागे डोंगर, पुढे खाडी, मधे एक रस्ता आणि सगळीकडे माशांचा वास. त्या काळी दर गुरुवारी टीव्ही बंद असायचा. देशात केंद्र एकच, आणि गुरुवारी त्याची सुट्टी! मग संध्याकाळी माणसांनी करायचं काय? भांडून भांडून किती भांडणार? ही अडचण ओळखून एविंदुरने एक साप्ताहिक काढलं. एविंदुर म्हणजे आमचा छापखानावाला. संपादक तोच, बातमीदार तोच, यंत्राला तेल घालणारा तोच आणि बर्फातून घरोघर अंक टाकणाराही तोच. साप्ताहिकाचं नाव 'गुरुवार'. त्यातली मधली चार पानं माझी. गोष्ट माझी, चित्रंही माझी: 'मोजेवीराची साहसं'!

आमचा जुना देव, त्याचं नाव थोर, बैलाचं मुंडकं गळाला लावून महासर्प पकडायला गेला होता, ही गोष्ट आमच्याकडे दात न आलेल्या पोरालाही ठाऊक असते. त्या झटापटीत देवाचा एक लोखंडी हातमोजा पाण्यात पडला, ही भर माझी. तो मोजा एका कॉड माशाने गिळला. तो मासा एका साध्या खलाशाच्या सुरीखाली आला. खलाशाने मोजा हातात घातला आणि झाला की मोजेवीर! एका ठोशात हिमनग फोडायचा, दोन बोटांनी बोट उचलायचा. परदेशातले वीर म्हणे पाठीवर लांब कापड बांधून उडतात. आमच्या वाऱ्यात असं कापड बांधून बाहेर पडलेला माणूस थेट ग्रीनलंडला पोचेल! म्हणून माझ्या वीराला मी जाड लोकरीचा स्वेटर दिला, नक्षीचा, गोल गळ्याचा. आणि त्याचा वैरी, कपटी देव लोकी? तो रेडिओवर हवामान सांगणारा बनून यायचा! समुद्रात वादळ उठलेलं असलं की हा गोड आवाजात सांगणार, 'आकाश निरभ्र राहील.' गावातल्या खलाशांना तो राक्षसांपेक्षा जास्त खरा वाटायचा.

फक्त मोजेवीराचा चेहरा मला सुचेना. मग घरात जो होता तोच वापरला. माझ्या नवऱ्याचा, बार्दुरचा.

इथेच माझं चुकलं! बार्दुर केतिलच्या बोटीवर खलाशी. भला माणूस, अबोल, दोन वाक्यांत आठवडा काढणारा. पण चित्रात आल्यापासून त्याची मान ताठ झाली. दाढी विंचरायला लागला. रस्त्याने चालताना खांदे असे पसरायचा, की समोरून येणाऱ्याला बर्फात उतरावं लागायचं. पोरं मागे धावायची, "मोजेवीर, ही गाडी उचल ना!" आणि हा खरंच वाकायचा! एकदा सहकारी दुकानासमोरचं खारवलेल्या माशांचं पिंप उचलायला गेला आणि तसाच वाकलेला, प्रश्नचिन्हासारखा घरी आला. भांडी घासायला सांगितली तर म्हणतो,

"या हातांनी मी राक्षस मारलेत, दागरून."

"राक्षस मी मारलेत! रोज रात्री, याच टेबलावर!"

"पण दिसतोय कोण? मीच ना?"

त्याच क्षणी त्याचा निकाल लागला होता. सोमवार फक्त मुहूर्ताचा.

मंगळवारी मी चित्रं घेऊन छापखान्यात गेले. एविंदुरने पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, चौथ्यावर आल्यावर खुर्चीत बसला.

"अगं, मारलंस त्याला?"

"मारलं. महासर्पाशी झुंजताना. सापही मेला, हाही मेला. खुद्द थोर देवाचंही असंच व्हायचंय, असं जुन्या पोथ्यांत लिहिलंय. देव मरू शकतो तर याला काय धाड भरलीये?"

मला वाटलं, आता हा रडेल. पण एविंदुर छापखानावाला होता. त्याने हात चोळले.

"दागरून, मरणाला खप असतो. शेवटचं पान माझ्यावर सोड. त्याला साजेसा निरोप देतो!"

मी सोडलं. एखाद्या माणसावर पान सोडताना तो त्यावर काय छापणार हे विचारावं, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

गुरुवार उजाडला. मार्चचा महिना, बाहेर हाडं फोडणारी थंडी, खिडकीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा. बार्दुरची बोट समुद्रावर होती, ती शनिवारशिवाय येणार नव्हती. गावातल्या बायका घरच्या रेडिओवर बोटींची बोलणी ऐकत बसायच्या. कोणाला किती मासळी मिळाली, कोण कोणाला शिव्या देतोय, सगळं कळायचं. आदल्या दिवसापासून केतिलच्या बोटीचा आवाज आला नव्हता. सगळ्यांचे चेहरे जरा उतरले होते. मी मात्र निवांत! "बर्फाच्या ओझ्याने बोटीवरच्या रेडिओची तार तुटली असेल," असं मी सगळ्यांना ठासून सांगत होते.

एविंदुर सकाळीच अंक टाकून गेला. आमच्याकडे तो संध्याकाळी, सगळी कामं उरकल्यावर वाचायची पद्धत. पण माझी शेजारीण हेर्दिस पद्धतीतली नव्हती. हेर्दिस वर्तमानपत्र मागून वाचायची. आधी शेवटचं पान, म्हणजे कोण गेलं ते. गेलेल्यांवर कोणी काय लिहिलंय, कोणी लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही, हे सगळं तपासून झालं की मग ती चष्मा पुसायची आणि अंक चुलीत घालायची. माझी चित्रं तिने जन्मात बघितली नव्हती. "मी काय लहान पोर आहे, चित्रं बघायला?" म्हणायची.

त्या दिवशी तिने शेवटचं पान उघडलं आणि तिच्या हातातला कप निसटला. जाड काळी चौकट. वर क्रूस. मधे फोटो, खलाशांच्या जत्रेत रस्सीखेच जिंकली तेव्हाचा, बार्दुरचा! खाली मोठ्या अक्षरांत: 'समुद्रात झुंजता झुंजता गेला. साल्तविकचा आधार हरपला.'

नाव नव्हतं. पण आमच्या गावात फोटोखाली नाव लागतं कोणाला?

हेर्दिस उठली, अंगणात गेली आणि तिने झेंडा अर्ध्यावर उतरवला.

आता आमची रीत अशी. घरोघर अंगणात झेंडा असतो, आणि कोणी गेलं की शेजाऱ्याने तो अर्ध्यावर आणायचा. एकाचा खाली आलेला दिसला की दुसऱ्यानेही आणायचा. कोण गेलं, कसं गेलं, हे विचारत बसायचं नाही, ते बरं दिसत नाही. आधी झेंडा, मग केक, चौकशी सगळ्यात शेवटी! हेर्दिसचा उतरला म्हणून शाळेचा उतरला. शाळेचा उतरला म्हणून सहकारी दुकानाचा. मग चर्चचा, मग मासळीच्या कारखान्याचा. गावातून दुःख असं पसरलं, जसा सांडलेल्या दुधाचा ओघळ. आणि मी? मी स्वयंपाकघरात बसून नवीन वीराचं नाक काढत होते. माझी खिडकी मागच्या बाजूला. तिथून मासे वाळवायचे मांडव दिसतात, गाव नाही.

दुपारी दार वाजलं. हेर्दिस! काळा कोट, हातात थरांच्या केकचा डबा.

"ये, ये! आज केक कसला?"

"राहू दे ते. आधी तू बस."

"मी बसलेलीच होते. तूच उठवलंस."

तिने माझा हात हातात घेतला. इतक्या वर्षांच्या शेजारात तिने माझा हात एकदाच धरला होता, तोही मी तिच्या अंगणातली रुबार्बची आंबट देठं तोडत होते म्हणून.

"दागरून, अंक बघितला मी."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! हेर्दिसने माझी चित्रं बघितली! आता देशभर नाव होणार!

"मग? कसं वाटलं?"

"वाटायचं काय? काळजात चर्र झालं."

"चला! म्हणजे जमलं म्हणायचं!"

हेर्दिसने माझ्याकडे बघितलं. मग केकच्या डब्याकडे बघितलं.

"असं एकाएकी कसं गं झालं?"

"एकाएकी कुठे? महिनाभर डोक्यात होतं माझ्या."

"काय होतं डोक्यात?"

"त्याला संपवायचं! आधी वाटलं, कड्यावरून ढकलावा. पण ते फार साधं. मग वाटलं, बुडवावा. शेवटी विचार केला, विषच बरं."

हेर्दिसने माझा हात सोडला. हळूच खुर्ची मागे घेतली.

"बार्दुरला... बार्दुरला कल्पना होती?"

"त्याला कशाला सांगायचं? उगाच रुसला असता."

"आणि आता तुझं कसं होणार?"

"माझं काय? दुसरा आणणार! हा काय, कालपासून त्याच्याच मागे लागलेय. तरुण, उंच आणि बिनदाढीचा! दाढीने फार वेळ खाल्ला बघ माझा."

हेर्दिस उभी राहिली. "दुःखाने माणसाचं असं होतं," असं ती भिंतीला म्हणाली आणि निघून गेली. मला वाटलं, गोष्ट तिला फारच लागली. वाचक असावा तर असा!

त्यानंतर दाराला उसंतच मिळेना. एकेक बाई येते, काळे कपडे, केकचा डबा, डोळ्यांत पाणी. "बरा होता गं," म्हणते, खुर्चीच्या कडेवर टेकते आणि साखरेचा खडा दातांत धरून कॉफी पिते. मी प्रत्येकीला सांगतेय, "अगं, एवढं मनाला लावून घेऊ नका, त्याचा मलाच कंटाळा आला होता!" आणि त्या एकमेकींकडे बघतायत. टेबल केकनी भरलं, मग शिवणयंत्र भरलं, मग खिडकी. मी मनात म्हटलं, हे आधी ठाऊक असतं तर दर महिन्याला एकेक मारला असता!

शेवटी आले आमचे पाद्रीबुवा, बाल्द्विन. त्यांना हेर्दिसनेच हाताला धरून आणलं होतं.

"दागरून," ते अगदी हळू म्हणाले, "मनातलं बोलून टाक. हलकं वाटेल."

"हलकंच वाटतंय, पाद्रीबुवा! तुम्हीसुद्धा अंक बघितलात?"

"बघितला. फार दुःखद."

"पोरांचंच वाईट वाटतं बघा. विचारतील, आता तो परत कधी उठणार?"

"उठणार, बाळ. शेवटच्या दिवशी सगळेच उठणार."

"इतकं थांबायचं? एविंदुर म्हणत होता, खप पडला तर ईस्टरलाच उठवू!"

पाद्रीबुवांना कॉफीचा ठसका लागला. दोन बायकांनी त्यांची पाठ चोळली. श्वास परत आल्यावर ते डोळे पुसत म्हणाले, "बार्दुर सज्जन होता. त्याच्या आठवणीत असं..."

"होता म्हणजे?"

त्यांनी कोटाच्या खिशातून अंक काढला आणि शेवटचं पान माझ्यापुढे धरलं.

मी बघितलं. काळी चौकट, क्रूस आणि त्यात माझा नवरा, रस्सीखेचीचा दोर धरून हसत असलेला. आधी मला काही कळेना. मग एकदम सगळं कळलं. मग मी जी हसत सुटले, ती खुर्चीवरून जमिनीवर आणि जमिनीवरून टेबलाखाली गेले! बायकांनी मला धरलं, कोणी थंड पाणी मारलं, पाद्रीबुवांनी प्रार्थना सुरू केली.

"अहो, थांबा! तो मोजेवीर मेलाय! चित्रातला! बार्दुर ठणठणीत आहे! हा एविंदुरचा आचरटपणा!"

मग हेर्दिसचा आवाज आला.

"म्हणजे मी माझा झेंडा एका चित्रासाठी खाली आणला?"

"झेंडा? कुठला झेंडा?"

"माझा! आणि मग सगळ्या गावाचे!"

आम्ही सगळ्या दाराबाहेर धावलो. खरंच! या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे झेंडे अर्ध्यावर. छापखान्याचा सुद्धा! आणि रस्त्याने एविंदुर धापा टाकत येतोय.

"दागरून! गावात कोण गेलं गं? मला छापायला हवं!"

त्या गाढवाने दुसऱ्यांचे झेंडे बघून आपलाही उतरवला होता! हेर्दिसने केकच्या डब्याचं झाकण त्याच्या टोपीवर हाणलं. सगळ्या हसायला लागल्या. पाद्रीबुवाही तोंड फिरवून हसले. "चला, आधी झेंडे चढवा," असं कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात खाडीत भोंगा वाजला.

केतिलची बोट! शनिवारी येणारी बोट गुरुवारीच! ती मासळीच्या कारखान्याआडून पुढे आली, नाकापासून शेपटीपर्यंत बर्फाने मढलेली, अगदी सावकाश. आणि तिचा झेंडा अर्ध्यावर होता.

हसू असं थांबलं, जसा कोणी दिवा मालवावा.

बोट अर्ध्यावर झेंडा लावून आली, तर त्याचा अर्थ एकच असतो. बोटीवर कोणीतरी गेलेलं असतं. हे आमच्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. माझ्या वडिलांच्या वेळी मी तो झेंडा बघितला होता. हेर्दिसचा धाकटा त्या बोटीवर होता. पाद्रीबुवांचा भाचा होता. जवळजवळ प्रत्येकीचं कोणी ना कोणी होतं. सगळ्या धक्क्याकडे चालू लागल्या, आणि चालता चालता धावू लागल्या.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढं कसं कळलं नाही? तुम्हाला बरं कळेल! तुम्ही खुर्चीत बसलायत. तिथे धक्क्यावर उभं राहून बघा. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मोजेवीर मरून पडतो ते चित्र मला काही केल्या जमत नव्हतं. तेव्हा मी बार्दुर झोपल्यावर कसा दिसतो ते आठवलं होतं, तोंड जरासं उघडं, भुवया वर, आणि तसंच काढलं होतं. आता त्या चित्राशिवाय दुसरं काही दिसेना. मी म्हटलं, देवा, थोर असशील तर थोर, येशू असशील तर येशू, जो कोणी आज कामावर असशील तो, एवढं एक चित्र पुसून टाक! दाढी काढीन. हजार वेळा काढीन. प्रत्येक केस वेगळा काढीन!

बोट जवळ आली. खलाशी डेकवर एका ओळीत उभे होते, टोप्या काढून. सगळे पिवळ्या तेलकापडात, सगळ्यांच्या दाढ्यांत बर्फ. कोण कोणता ओळखू येईना. त्यांच्यातलं कोणी हात हलवत नव्हतं आणि आमच्यातलंही नाही. केतिल, बोटीचा कप्तान, कर्णा घेऊन पुढे आला.

"कोण गेलं?"

मग हेर्दिस ओरडली, "तूच सांग! कोण गेलं?"

"मला काय विचारतेस? तुम्ही सांगा!"

"आम्ही कसं सांगणार? झेंडा तुमचा खाली आहे!"

"रेडिओची तार तुटली म्हणून लवकर परत फिरलो, तर गावाचे सगळे खाली! म्हणून आमचाही खाली! आपलाच तेवढा वर ठेवून यायचं का? रीत आहे की नाही?"

"म्हणजे बोटीवर कोणी गेलेलं नाही?"

"नाही! गावात?"

"नाही!"

"मग झेंडे कशाला?"

सगळ्या धक्क्याने वळून माझ्याकडे बघितलं. मी वळून एविंदुरकडे बघितलं. एविंदुर आपले बूट बघत होता.

मग जो गोंधळ उडाला! उतरायची फळी लागायच्या आत निम्मे खलाशी धक्क्यावर उड्या मारून आले. हेर्दिसने धाकट्याला आधी मिठी मारली, मग टोपी काढून उभा होता म्हणून कानाखाली मारली, "थंडीत डोकं उघडं ठेवतोस?" मोठमोठे दाढीवाले बाप्ये आयांच्या खांद्यावर डोकी ठेवून हुंदके देत होते. पाद्रीबुवा भाच्याला घट्ट धरून उभे होते.

बार्दुर दिसेना.

मी ओळीत बघितलं, फळीवर बघितलं. नाही. केतिलची बाही धरली.

"बार्दुर कुठाय?"

केतिलने नुकतीच घातलेली टोपी पुन्हा काढली.

"खाली आहे," तो म्हणाला. "तूच जा. आमच्याने तर तो..." आणि एकदम माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "अरे! तू तर आहेस की!"

ते काय, हे विचारायला मी थांबले नाही. शिडीवरून मी उतरले की पडले, ते आजही सांगता यायचं नाही. खालच्या स्वयंपाकाच्या खोलीत, चुलीच्या आणि भिंतीच्या मधे, जिथे मांजर बसलं तर अवघडेल अशा जागेत माझा नवरा बसला होता. गुडघ्यात डोकं. खांदे गदगदतायत. हिमनग फोडणारा, दोन बोटांनी बोटी उचलणारा तो वीर बटाट्याचं पोतं मिठीत घेऊन ढसाढसा रडत होता!

"बार्दुर!"

त्याने मान वर केली. मला बघितलं. आणि अशी किंकाळी फोडली, की वर डेकवर दोघंजण खाली बसले!

"भूत! भूत!"

"भूत तुझी आत्या! मी आहे, दागरून!"

"तू तर गेलीस! दुर्बिणीतून बघितलं मी. सगळे झेंडे खाली... आणि बायका केकचे डबे घेऊन आपल्या घरात जातायत! काळे कोट! आपल्याच घरात!"

म्हणजे तो तासभर, खाडीच्या तोंडापासून इथपर्यंत, माझ्यासाठी रडत होता. बटाट्याच्या पोत्याचा एक कोपरा चिंब भिजला होता. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले, त्याचं थंडगार तोंड दोन्ही हातांत धरलं. त्याने माझी बोटं चाचपून बघितली, एकेक करून. शाईचे डाग दिसल्यावर त्याची खात्री पटली.

"तू मेली नाहीस?"

"नाही रे. तू मेलास."

"मी?" तो विचारात पडला. "कधी?"

"आज सकाळी. चौथ्या पानावर."

त्याने नाक पुसलं. बराच वेळ मान हलवत राहिला. आणि मग, एरवी जो आठवड्यात दोनाच्या वर वाक्यं बोलत नाही, तो एका दमात म्हणाला, "हरकत नाही. मी मेलो तर चालेल. तू मरू नकोस. मला केक येत नाही, कॉफी येत नाही आणि त्या घरात एकट्याने करायचं तरी काय? मी गेल्यावर माझ्यासाठी झेंडा तरी कोण उतरवणार?" आणि पुन्हा रडायला लागला. मग मीही लागले. वरून केतिल ओरडला, "कोणी गेलं असेल तर आताच सांगा, झेंडा अजून वर नेलेला नाही!"

केक वाया घालवायची आमच्याकडे पद्धत नाही. खलाशी बर्फाळ बुटांसकट माझ्या घरात शिरले, बायका शिरल्या, पाद्रीबुवा तर आधीच जाऊन बसले होते. एविंदुरला दारात उभं राहून कॉफी द्यायची शिक्षा झाली. ज्याच्या नावाचे केक होते त्यानेच सगळ्यांत जास्त हादडले. तोंड भरलेलं असताना तो अंक वाचत होता. शेवटच्या चित्रावर बराच वेळ थांबला. मला वाटलं, आता काही हळवं बोलणार.

"झोपेत मी असा दिसतो?"

"हो."

"तोंड मिटून काढता आलं नसतं?"

त्याच बैठकीत गावच्या बायकांनी एकमताने ठरवलं: बोट समुद्रावर असेपर्यंत साल्तविकमध्ये कोणी कोणाला मारायचं नाही. चित्रातसुद्धा नाही! आणि आमच्या गावची एक ना एक बोट बारा महिने समुद्रावर असायचीच. त्यामुळे पुढच्याच गुरुवारी मोजेवीर खोकत खोकत उठला. सापाचं विष शिळं निघालं, असं कारण दिलं. पुढे तो इतकी वर्षं जगला, की मी कंटाळले, एविंदुर कंटाळला, वाचकही कंटाळले, पण त्याला मारायची परवानगी काही मिळाली नाही. हल्ली मी फक्त फुलं काढते. फुलं कोमेजली तर कोणी डबा घेऊन येत नाही.

बार्दुरही आहे. गुडघे गेलेत, ऐकू कमी येतं, दाढी पांढरी झालीये. ती काढायला आता शाईसुद्धा लागत नाही. हेर्दिस काठी टेकत दर गुरुवारी येते, समोर बसते आणि त्याला मोठ्याने बजावते, "लक्षात ठेव हं, बार्दुर! तुझा केक मी तेव्हाच देऊन बसलेय. आता गेलास तर दुसरा मिळायचा नाही!"

"म्हणून तर थांबलोय," बार्दुर म्हणतो. "फुकट कोण मरतंय!"